गोलरक्षक आणि दोषाचा न्याय

मनुष्याच्या कर्तृत्वाचें माप घेण्याच्या जगांत दोन रीति आहेत. कवि, शिल्पकार, व्यापारी, योद्धा यांनीं काय केलें हें पाहून त्यांची किंमत ठरते. रात्रीचा पहारेकरी, आगगाडीचा सांधेवाला, धरणाच्या दरवाजावरचा चौकीदार यांची किंमत मात्र त्यांच्या हातून काय घडलें नाहीं यावरून ठरते. सांधेवाल्यानें वीस वर्षें गाड्या बिनचूक मार्गावर सोडल्या तर त्याचें नांव कोणासहि ठाऊक होत नाहीं. एका रात्रीं सांधा चुकला कीं दुसऱ्या दिवशीं तेंच नांव सर्व वर्तमानपत्रांत येतें. पहिल्या प्रकारच्या मनुष्यास यश मिळवावयाचें असतें, दुसऱ्यास अपयश टाळावयाचें असतें. आणि टाळलेलें अपयश डोळ्यांना दिसत नाहीं, ही या दुसऱ्या वर्गाची मूळ अडचण आहे.

ह्या वर्गाचें अत्यंत शुद्ध उदाहरण शोधूं गेल्यास तें आमच्या मतें फुटबॉलच्या खेळांतील धंदेवाईक गोलरक्षकाचें आहे. खेळासारखा हलका विषय नीतिविचारासाठीं कां घ्यावा, अशी शंका कित्येक वाचकांस येईल. तिचें उत्तर असें कीं, सांधेवाल्याची चूक चौकशीसमितीपुढें येते व तेथें कागदपत्र पाहिले जातात; गोलरक्षकाची चूक लाखों लोकांच्या डोळ्यांदेखत घडते आणि निवाडाहि तेच लोक तत्क्षणीं देऊन मोकळे होतात. दोष, जबाबदारी व शिक्षा यांविषयीं समाजाच्या मनांत खरोखर कोणत्या कल्पना वावरत आहेत हें पाहावयाचें असेल तर इतकें उघडें न्यायालय दुसरें मिळणार नाहीं. तेव्हां प्रश्न असा कीं, ज्याचें सारें आयुष्य राखण्यांत गेलें त्याची किंमत न राखल्या गेलेल्या एका क्षणावरून ठरविणें न्याय्य आहे काय? आणि तें न्याय्य नसेल, तर असा धंदा पत्करणाऱ्यानें आपलें समाधान कशावर उभारावें?

प्रथम या धंद्याचें स्वरूप पाहूं. गोलाची चौकट आठ यार्ड रुंद व आठ फूट उंच असते. एवढी जागा एका मनुष्यानें राखावयाची. आणि दंड म्हणून दिलेला पेनल्टीचा फटका तर अवघ्या बारा यार्डांवरून येतो. १८६३ सालीं इंग्लंडांत या खेळाचे पहिले नियम झाले तेव्हां गोलरक्षक नांवाचा वेगळा खेळाडूच त्यांत नव्हता. १८७१ मध्यें नियमांनीं त्याला ओळख दिली. १९०९ मध्यें त्याच्या अंगरख्याचा रंग इतरांहून निराळा केला. १९१२ मध्यें चेंडू हातानें धरण्याची त्याची मुभा गोलापुढील पेनल्टीच्या चौकोनापुरती आखून दिली. आणि १९९२ मध्यें स्वतःच्याच सोबत्यानें मुद्दाम पायानें मागें दिलेला चेंडू हातानें उचलण्याचीहि बंदी केली. कायद्यानें त्याला असा एक अधिकार दिला कीं जो इतर दहांना नाहीं, आणि त्या अधिकारापायींच त्याला एकटें पाडलें. दहा जण चुकले तर त्यांच्यामागें कोणी तरी असतो. त्याच्यामागें फक्त जाळें असतें.

हिशेबाची रीतहि उलटी. आघाडीच्या खेळाडूनें नऊ संधि गमावल्या व दहावी साधली तर संध्याकाळीं त्याला खांद्यावर घेतात. गोलरक्षकानें नऊ फटके अडविले आणि दहावा सुटला तर त्या नऊंचा उल्लेख करावयाचें कोणास सुचत नाहीं. एकाचें खातें जमेच्या बाजूनें मांडलें जातें, दुसऱ्याचें केवळ खर्चाच्या.

या धंद्यांतील आयुष्यक्रमहि असाच विलक्षण आहे. संघांत आघाडीचे, मधल्या फळीचे, बचावाचे खेळाडू अनेक लागतात. एक थकला तर दुसऱ्यास तासाभरानें मैदानांत उतरतां येतें. गोलरक्षकाची जागा एकच, आणि ती धरून बसलेला मनुष्य सहसा बदलला जात नाहीं. त्यामुळें या धंद्याचा पूर्वार्ध वाट पाहण्यांत जातो. जागतिक चषकाच्या स्पर्धेसाठीं प्रत्येक राष्ट्राला तीन गोलरक्षक न्यावे लागतात. त्यांतील तिसरा बहुधा एकाहि सामन्यांत चेंडूला हात न लावतां घरीं परततो. रोज सकाळीं त्यानें पहिल्याइतकाच सराव केलेला असतो, पहिल्याइतकाच चिखल अंगावर घेतलेला असतो. फळाची आशा जवळजवळ नसतांना पूर्ण तयारी ठेवणें, हा त्याचा नित्यधर्म. उलट एकदां जागा मिळाली कीं हाच खेळाडू इतरांहून अधिक काळ टिकतो, कारण या कामीं पायांच्या वेगापेक्षां अनुभवाची नजर अधिक लागते. इटलीचा जानलुइजी बुफॉन १९९५ सालीं सतराव्या वर्षीं पार्मा संघाकडून पहिला मोठा सामना खेळला व २०२३ सालीं पंचेचाळिसाव्या वर्षीं निवृत्त झाला.

वाट पाहण्याचें उदाहरण रशियाच्या लेव्ह याशिनचें घ्यावें. लहानपणीं, युद्धाच्या काळांत, तो कारखान्यांत कामाला लागला. पुढें मॉस्कोच्या डायनॅमो संघांत आला तेव्हां तेथें खोमिच नांवाचा नामांकित गोलरक्षक होता. प्रारंभींच्या एका सामन्यांत तर समोरच्या गोलरक्षकानें लांबून मारलेला चेंडू पकडूं जातांना हा आपल्याच सोबत्यावर आदळला आणि गोल झाला, असें सांगतात. त्यानंतर कांहीं वर्षें तो राखीव म्हणून बसला. मधल्या काळांत बर्फावरच्या हॉकींतहि गोल राखूं लागला व १९५३ सालीं त्या खेळांतील सोव्हिएट चषक त्याच्या संघानें जिंकला. त्यानंतरच फुटबॉलमधील जागा त्याची झाली. १९६२ सालीं चिली देशांत जागतिक स्पर्धा झाली. तेथें कोलंबियाविरुद्ध चाराला एक असा पुढें असलेला रशियन संघ शेवटीं चार-चार अशा बरोबरीवर आला, आणि पुढें यजमान चिलीकडून हरला. दोष याशिनच्या माथीं आला; त्याचे दिवस संपले असें लिहिलें गेलें. दुसऱ्याच वर्षीं युरोपांतील सर्वोत्तम खेळाडूचा ‘सुवर्णकंदुक’ हा बहुमान त्याला मिळाला. हा मान मिळविणारा तो आजतागायत एकमेव गोलरक्षक आहे.

याशिनला दुसरें वर्ष मिळालें. ज्याला तें मिळालें नाहीं अशा मनुष्याची हकीकत आतां सांगावयाची आहे, कारण आमच्या प्रश्नाचें मर्म तिच्यांत आहे.

मोआसीर बार्बोसा हा ब्राझीलच्या वास्को द गामा संघाचा गोलरक्षक. १९४९ सालीं ब्राझीलनें दक्षिण अमेरिकेचें विजेतेपद मिळविलें तेव्हां गोल तोच राखीत होता, आणि त्या काळच्या उत्कृष्ट गोलरक्षकांत त्याची गणना होत असे. १९५० सालीं जागतिक स्पर्धा ब्राझीलमध्येंच भरली. शेवटच्या फेरींत यजमानांनीं स्वीडनचा सातास एक व स्पेनचा सहास एक असा पराभव केला. १६ जुलै रोजीं रिओच्या माराकाना मैदानावर उरुग्वेशीं अखेरचा सामना होता. नुसती बरोबरी झाली तरी विजेतेपद ब्राझीलचें होतें. प्रेक्षक सुमारें दोन लाख होते असें मानतात. उत्तरार्धाच्या आरंभींच ब्राझीलनें गोल केला. ६६ व्या मिनिटाला उरुग्वेच्या घिजानें उजव्या अंगानें मुसंडी मारून चेंडू मध्यें दिला व शियाफिनोनें बरोबरी केली. ७९ व्या मिनिटाला घिजा पुन्हां त्याच बाजूनें आला. बार्बोसानें विचार केला कीं, हा मघाप्रमाणेंच चेंडू मध्यें देईल. म्हणून खांबाजवळची जागा सोडून तो पाऊलभर पुढें सरला. घिजानें ती फट पाहिली आणि चेंडू तिच्यांतूनच आंत मारला.

एवढीच चूक, ती चूक होती काय, हें पुढें पाहूं. शिक्षा मात्र पुढील पन्नास वर्षें चालली. त्यानंतर राष्ट्राच्या संघांतून तो एकदांच खेळला. निवृत्तीनंतर माराकाना मैदानाच्याच कचेरींत त्यानें नोकरी केली. एका दुकानांत एका बाईनें आपल्या लहान मुलाला त्याच्याकडे बोट दाखवून, याच मनुष्यानें साऱ्या ब्राझीलला रडविलें, असें सांगितल्याची आठवण तो स्वतःच सांगत असे. १९९३ सालीं राष्ट्रीय संघाच्या सरावाच्या ठिकाणीं तो गेला असतां अपशकुन होईल या भीतीनें त्याला खेळाडूंना भेटूं दिलें नाहीं. ब्राझीलच्या कायद्यांत अधिकांत अधिक शिक्षा तीस वर्षांची आहे, आपण मात्र पन्नास वर्षें भोगीत आहों, अशा अर्थाचें तो अखेरीस बोलला. २००० सालच्या एप्रिलमध्यें, ७९ व्या वर्षीं, तो वारला.

आतां विचार करूं. जर्मन तत्त्वज्ञ कँट यानें १७८५ सालच्या आपल्या नीतिमीमांसेच्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, सत्संकल्पाची किंमत त्याच्या फलावर मुळींच अवलंबून नाहीं. बार्बोसाचा संकल्प निर्दोष, त्याचा प्रयत्न प्रामाणिक. म्हणून कँटच्या न्यायासनापुढें तो निर्दोष सुटेल. परंतु लोक कँटच्या मतानें चालत नाहींत, हें त्याच्याहि आधीं, १७५९ मध्यें, अॅडम स्मिथनें आपल्या नैतिक भावनांवरील ग्रंथांत दाखविलें होतें. एकाच हेतूनें केलेल्या दोन कृतींपैकीं जिचें फळ दैवानें वाईट होतें तिच्यावर आपण अधिक रागावतों. आणि ही विसंगति सर्वस्वीं वाईट नाहीं, कारण मनांतील हेतूंवर शिक्षा होऊं लागली तर कोणाचीच धडगत राहणार नाहीं, असें त्याचें म्हणणें. १९७६ सालीं बर्नर्ड विल्यम्स व थॉमस नेगेल यांनीं हाच प्रश्न ‘नैतिक दैव’ या नांवानें पुन्हां उभा केला. मनुष्याच्या स्वाधीन नसलेल्या गोष्टींवरून आपण त्याची नैतिक किंमत ठरवितों, हें तर खरें. आणि तसें ठरवूं नये असेंहि आपणच म्हणतों. या दोन्ही प्रवृत्ति एकाच मनांत नांदतात.

बार्बोसाच्या प्रसंगाला हें लावून पाहिलें म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. मागला गोल ज्या रीतीनें झाला त्याच रीतीनें पुढला होईल, हें त्याचें अनुमान सयुक्तिक होतें. तो खांबालाच चिकटून राहिला असता आणि घिजानें खरोखरच चेंडू मध्यें दिला असता, तर एकदां ठेंच लागूनहि हा शहाणा झाला नाहीं असें हेच लोक म्हणाले असते. अर्थात् त्याचा निर्णय एक गोष्ट, त्या निर्णयाचें फळ ही दुसरी. निर्णय चांगला असून फळ वाईट निघूं शकतें, जसा वाईट निर्णय कित्येकदां दैवयोगानें तरून जातो. लोकांनीं फळ पाहिलें आणि त्यावरून निर्णयाची, व निर्णयावरून अखंड मनुष्याची परीक्षा केली. शितावरून भाताची परीक्षा होते ही म्हण खरी. पण ती खरी कां आहे? एका भांड्यांतील सर्व शितांना एकच पाणी व एकच आंच लागलेली असते म्हणून. मनुष्याच्या आयुष्यांतील क्षणांना एकच आंच लागत नाहीं. ती म्हण येथें लावणें म्हणजे दृष्टान्ताच्या मर्यादा विसरणें होय.

यावर पूर्वपक्ष असा येईल: ‘धंदेवाईक खेळाडू वेतन घेतो, मान घेतो, तेव्हां फळाची जबाबदारी त्यानें टाळूं नये. शस्त्रवैद्याचा हात चुकला तर त्याचा हेतु शुद्ध होता एवढ्यानें आपण समाधान मानतों काय?’ हा आक्षेप वजनदार आहे, आणि त्याचें उत्तर भावनेनें देतां येणार नाहीं. आमच्या मतें येथें जबाबदारी, दोष आणि कलंक या तीन निराळ्या वस्तूंची गल्लत झाली आहे. गोल राखणें हें ज्याचें काम, त्याच्या हातून गोल सुटला तर तो त्याच्या खात्यावर पडणार. ही जबाबदारी, आणि ती त्यानें पत्करलीच पाहिजे. दुसरा अधिक भरंवशाचा वाटल्यास त्याची जागा दुसऱ्यास द्यावी. त्यांतहि अन्याय नाहीं. दोष मात्र तेव्हांच लागतो जेव्हां त्यानें हयगय केली असेल, सराव टाळला असेल, किंवा वेळीं घाबरून काम सोडलें असेल. आणि तो शोधावा लागतो, नुसत्या फळावरून सिद्ध होत नाहीं. कलंक ही तिसरी वस्तु. ती मनुष्याच्या एका कृत्याला न चिकटतां त्याच्या नांवाला चिकटते व मरेपर्यंत सुटत नाहीं. जबाबदारी धंद्याची असते, दोष कृतीचा असतो. कलंक लावण्याचा अधिकार कोणालाहि कोठून मिळाला, हें अद्याप कोणीं सांगितलेलें नाहीं. शस्त्रवैद्यालासुद्धां आपण हयगयीबद्दल शिक्षा करतों. बाजारांत बोट दाखवून मुलांना भिववीत नाहीं. भवभूतीच्या रामानें लोकापवादापुढें मान तुकविली, पण त्या लोकापवादाला सत्य मानलें नाहीं; आणि त्याची सारी व्यथा याच भेदांतून उत्पन्न झाली आहे.

कलंकाविषयीं आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. त्या दिवशीं ब्राझीलचे अकराहि खेळाडू हरले; आघाडीच्या पांचांना दुसरा गोल करतां आला नाहीं. तथापि दोष मुख्यतः बार्बोसा, बिगोदे व जुवेनाल या तिघांवर आला, आणि ते तिघेहि कृष्णवर्णी होते. पाणी जसें उताराकडे धांवतें तसा लोकांचा राग समाजांत जो आधींच खालीं ढकललेला असतो त्याच्याकडे धांवतो. जातिभेदाच्या देशांत वाढलेल्या वाचकांस हें अधिक फोड करून सांगण्याची आवश्यकता नाहीं. फळावरून दोष ठरविण्याची रीत दिसावयास निःपक्षपाती दिसते, पण फळाला कारणें अनेक असल्यामुळें त्यांतील कोणतें निवडावयाचें हें शेवटीं पूर्वग्रहच ठरवितो.

अन्यायी दोषारोपानें केवळ एका मनुष्याचें नुकसान होतें असेंहि नाहीं. राखण्याचें कामच त्यामुळें बिघडतें. इस्राएलमधील कांहीं संशोधकांनीं २००७ सालीं पेनल्टीच्या २८६ फटक्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत असें आढळलें कीं, शेंकडा सुमारें ९४ वेळां गोलरक्षक डावीकडे किंवा उजवीकडे झेंप घेतो, मात्र जागेवर उभा राहणाराच प्रमाणानें अधिक फटके अडवितो. मग तो उभा कां राहत नाहीं? संशोधकांचें म्हणणें असें कीं, झेंप घेऊन गोल झाला तर ‘बिचाऱ्यानें प्रयत्न केला’ असें मानतात, उभें राहून झाला तर ‘खांबासारखा उभा राहिला’ असें मानतात. म्हणजे अडविण्याची इच्छा मागें पडून बोल टाळण्याची इच्छा पुढें येते. गीतेनें अकर्मांतहि कर्म पाहण्यास सांगितलें. प्रेक्षकांना तें दिसत नाहीं म्हणून गोलरक्षकालाहि तें आचरतां येत नाहीं. हा रोग मैदानापुरता नाहीं. गरज नसतां दहा तपासण्या लिहून देणारा डॉक्टर, निर्णय न घेतां फाईल वरच्या मेजावर सरकविणारा अधिकारी, विद्यार्थ्याला विषय कळला कीं नाहीं हें न पाहतां ‘पोर्शन’ पुरा करणारा प्राध्यापक, हे सर्व एका परीनें झेंपच घेत असतात. जेथें अपयशाला क्षमा नाहीं तेथें माणसें काम राखीत नाहींत, स्वतःस राखतात.

उलट, जेथें दुसरी संधि मिळाली तेथें काय घडलें? १९७८ च्या जागतिक स्पर्धेंत इटलीच्या दिनो झोफवर लांबचे फटके सोडल्याबद्दल टीकेची झोड उठली. तो तेव्हां छत्तीस वर्षांचा होता. त्याला काढून टाकलें नाहीं. १९८२ सालीं चाळिसाव्या वर्षीं त्यानेंच कर्णधार म्हणून जागतिक चषक उचलला. विद्यापीठांत नापास झालेल्या विद्यार्थ्यालाहि आपण ऑक्टोबरची परीक्षा ठेवतों. ती दया म्हणून नव्हे, तर एका परीक्षेनें मनुष्य पुरा कळत नाहीं हें आपणांस ठाऊक असतें म्हणून. आमच्या गोमंतकांत फुटबॉल हा घरचा खेळ आहे. तेथील ब्रह्मानंद शंखवाळकर यांनीं भारताचा गोल राखला, संघाचें कर्णधारपद भूषविलें. त्यांना अर्जुन पुरस्कार १९९७ सालीं व पद्मश्री २०२२ सालीं मिळाली. राखणदाराचें श्रेय पोंचतें, पण किती सावकाश पोंचतें, हें या वर्षांवरून कळावें.

आतां दुसरा प्रश्न: असा धंदा पत्करणाऱ्यानें समाधान कशावर उभारावें? ‘लोक कांहींहि म्हणोत, मला पर्वा नाहीं’, हें उत्तर पुरें नाहीं. ज्याला गोल झाल्याचें दुःखच होत नाहीं तो दुसरा गोल अडविण्यास धडपडणार नाहीं. सारी चूक मनाशीं धरून बसणें हाहि मार्ग नव्हे. चेंडू मध्यावर ठेवला कीं खेळ पुन्हां सुरू होतो, आणि मागल्या गोलाकडे पाहणाऱ्याच्या हातून पुढला सुटतो. जर्मनीचा रॉबर्ट एन्के हा गोलरक्षक कित्येक वर्षें विषण्णतेच्या आजारानें पीडित होता; तो आजार त्यानें लोकांपासून लपविला, आणि २००९ सालीं त्यांतच त्याचा अंत झाला. अशा आजाराला एकच कारण नसतें हें खरें. तरी दुबळेपणा दिसूं न देणें हाच ज्या धंद्याचा शिरस्ता, तेथें मदत मागणें किती कठीण होतें, एवढें त्यावरून दिसतें. पुढें त्याच्या नांवानें निघालेली संस्था त्याच आजाराविषयीं लोकांना जागें करण्याचें काम करीत आहे.

आमच्या मतें समाधानाचा खरा आधार तयारींत आहे. फळ अकरा जणांचें, प्रतिपक्षाचें, वाऱ्याचें व दैवाचें असतें. तयारी मात्र सर्वस्वीं आपली असते. एकहि सामना न खेळतां परत येणारा तिसरा गोलरक्षक या दृष्टीनें पाहिल्यास पहिल्याहून लहान ठरत नाहीं. मात्र हें तत्त्व त्या बिचाऱ्यास ऐकवून प्रेक्षकांनीं आपली सुटका करून घेऊं नये. निष्काम राहण्याचा उपदेश कर्त्याला करणें सोपें आहे. निष्काम होऊन पाहण्याचें व्रत प्रेक्षकानेंहि घेतलें पाहिजे.

२०१४ च्या जुलैमध्यें ब्राझीलच्याच भूमीवर जर्मनीनें ब्राझीलचा सातास एक असा पराभव केला. त्या रात्रीनंतर कित्येकांनीं लिहिलें कीं, बार्बोसा आतां दोषमुक्त झाला. हें वाचून आम्हांस समाधान वाटलें नाहीं. अधिक मोठी नामुष्की ओढवली म्हणून जो सुटतो त्याला न्याय मिळाला असें म्हणतां येत नाहीं. केवळ लोकांचें बोट दुसरीकडे वळलें. त्याच्या मृत्यूला तेव्हां चौदा वर्षें झालीं होतीं, आणि १६ जुलैच्या त्या फटक्याविषयीं कांहींहि नवें उजेडांत आलें नव्हतें. जें १९५० सालीं दिसत होतें तेंच २०१४ सालीं दिसत होतें: एका मनुष्यानें विचारपूर्वक एक पाऊल टाकलें, आणि तें चुकीचें ठरलें.